भाऊजींचा अँटेना

हवेतलं चित्र ओढून घरात आणणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या मुडबी गावात इतरांकडेही अँटेना होता, पण वारं सुटलं की त्यांच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि लोक गप्प बसून राहायचे. भाऊजी तसे बसणारे नव्हते. धोतर खोचून ते घराच्या माळवदावर चढायचे, अँटेनाच्या लोखंडी खांबाला मिठी मारायचे आणि डोळे मिटून तो हळूहळू फिरवायचे. कधी नुसता खांब धरून उभे राहिले तरी चित्र उजळायचं, आणि हात सोडला की पुन्हा मुंग्या. मग ते वरच उभे राहायचे, एका हातानं भाकरी खात. "चित्र माझ्या अंगातून उतरायलंय," म्हणायचे, आणि मला ते खरंच वाटायचं. थोरल्या दिरांना हाक मारायची आमच्यात रीत नाही. म्हणून चित्र आलं की मी अंगणात एकदा थाळी वाजवायची, गेलं की दोनदा.

पण त्यांची कसोटी घरातच होती. सासूबाई उदगीरकडच्या, त्यांना मराठी हवं. जाऊबाई हुमनाबादकडच्या कानडी घरातल्या, त्यांना कानडी हवं. अँटेना उत्तरेला केला की मराठी यायचं, दक्षिणेला गुलबर्ग्याकडे केला की कानडी. एकीचं लागलं की दुसरी उठून जायची, आणि मग घरात बोलणं बंद. भाऊजींना ते बघवत नसे. शेवटी त्यांनी खांब अधेमधे अशा जागी आणून तारेनं आवळला, की दोन्हीकडचं थोडं थोडं येऊ लागलं. मराठी बाई रडायची आणि तिच्या पदरातून कानडी बाप्या जेवताना दिसायचा. आवाज मात्र ज्याचा जोर त्याचा.

"हा कोन मेलाय गं, ती एवढी रडायलीय?" सासूबाई विचारायच्या.

"मेला न्हाई वं आत्याबाई, त्यो आमच्यातला हाय. झोपलाय," जाऊबाई सांगायच्या, आणि दोघी एका चटईवर पोट धरून हसायच्या.

पुढं माझ्या नवऱ्यानं पुण्याहून डिशची छत्री आणली. काय ते चित्र! नटीच्या नथीतले मोती वेगवेगळे दिसायचे. मुंग्या नाहीत, सावल्या नाहीत. सवयीनं भाऊजी छत्रीला धरायला गेले, तर बसवणारा म्हणाला, "अण्णा, हात लावू नगा. हे आलं तर अख्खं येतंय, न्हाईतर काईच न्हाई."

"अर्धं येतच न्हाई?" भाऊजी म्हणाले. "मग आमच्या घरात कसं जमायचं?"

जमलं नाहीच. थोड्याच दिवसांत दुसरा टीव्ही आला. सासूबाई आतल्या खोलीत, जाऊबाई बाहेरच्या. भाऊजी मधल्या उंबऱ्यावर बसू लागले, थोडं इकडचं बघत, थोडं तिकडचं.

एका संध्याकाळी दणकून पाऊस आला. दोन्ही पडद्यांवर माणसांचे चौकोनी तुकडे झाले, तोंडं उघडी ती उघडीच राहिली, आणि दोन्ही टीव्ही काळे पडले. दोघी उंबऱ्याशी आल्या.

"आता रं? त्या पोरीचं काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"ती पळाली, माय," भाऊजी शांतपणे म्हणाले. "हिच्या सिरियलमधल्या पोराबरोबर."

"अय्यो! त्यो तर लग्न झालेला हाय!" जाऊबाई ओरडल्या.

"असलं पोरगं आमच्या पोरीला नगं," सासूबाई म्हणाल्या.

"आमच्या पोराला कामून नावं ठेवायलाव? तुमचीच पळून आलीय की!"

भांडत भांडत दोघी भाऊजींच्या दोन बाजूंना बसल्या. भाऊजी कानडीतून मराठीत, मराठीतून कानडीत गोष्ट नेत राहिले आणि मी चुलीपाशी भाकरी थापायची विसरले. पाऊस थांबला. दोन्ही खोल्यांतून एकदम आवाज सुरू झाले. मी बघत होते, आधी कोण उठतंय. सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत गेल्या, टीव्ही बंद केला आणि परत येऊन बसल्या. "सांग पुढं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं. दोघी आपापल्या खोलीत होत्या. भाऊजी उंबऱ्यावर बसून, मान वाकडी करून, कुठं ढग दिसतोय का ते बघत होते.