उदगीरच्या भावातली वाईन

आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यात एकदाच वाईन घेतली. आणि माझ्या कृपेनं ती वाईन नव्हती.

भूकंपानंतर अण्णा किल्लारी सोडून लातूरला माझ्याकडं आले. मी इथं कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा अण्णा एकदा लाजत म्हणाले, "द्राक्षं लई खाल्ली रे. त्याची वाईन कशी लागती, एकदा बघावं म्हणतो."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं काही मागितलं होतं! मी लगेच निघालो. (भाव विचारायला.)

क्लासच्या रस्त्यावर समोरासमोर दोन वाईन शॉप. एकाकडं बाटली सातशेला, दुसऱ्याकडं सहाशे ऐंशीला. मी पहिल्याला ते सांगितलं, तो सहाशे साठवर आला. मग दुसरा सहाशे चाळीसवर! आठवडाभर मी नुसता रस्ता ओलांडत होतो. शेवटी ते दोघं एकमेकांकडं बघेनात.

"अहो, घेऊन टाका ना एकदाची!" बायको वैतागली.

"थांब, अजून उतरतोय."

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, उदगीरला चारशेला मिळते. रविवारी एसटीनं गेलो. (भाडं कोण धरतंय!) दुकानदारानं शोकेसमधली, उन्हात उभी राहून बूच सुकलेली, धुळीनं माखलेली बाटली काढली.

"जुनी हाय सर. एकदम भारी!"

"जुनी आहे तर कमी करा की!"

साडेतीनशेला आणली.

वाढदिवसाला अण्णांनी पहिला घोट घेतला. डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं.

"कशी आहे, अण्णा?"

"लई... लई चांगली हाय."

अख्खा ग्लास संपवला त्यांनी. मी समोर बसून भाव कसा पाडला ते रंगवून सांगत होतो.

सकाळी बायकोनं बाटली हुंगली. "अहो, हे तर व्हिनेगर आहे!"

दारूला हवा लागली की तिचं ॲसिटिक ॲसिड कसं होतं, हे मी रोज फळ्यावर लिहून दाखवतो!

पळत जाऊन, भाव न विचारता, क्लासच्या रस्त्यावरून चांगली बाटली आणली.

"अण्णा, कालची खराब होती. बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं सांगत होतास. तुझा हिरमोड कशाला करू?" त्यांनी नवी बाटली हातानं बाजूला सारली. "आता नको बाळा. न्हाई पिववत."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडं कधीच काही मागितलं नाही.

आणि मी? त्याच संध्याकाळी ती नवी बाटली परत करायला गेलो. दुकानदार म्हणाला, "घेतो सर, पण आत्ताच्या भावानं. दुपारपासून उतरलाय."

काय सांगू... तिथंही मी अर्धा तास घासाघीस केली हो!