कंट्रोलची काच

मामांना स्वतःच्या हाताचा भारी गर्व होता आणि खोटं कशाला बोलू, मला तो सहन व्हायचा नाही. हॉस्पिटलच्या तपासणी विभागात सगळेच त्यांना मामा म्हणत; तीस वर्षं तिथे त्यांनी गाठींचे तुकडे मेणात बसवले, केसाहून पातळ कापले, काचेवर चढवून रंगवले. मी त्यांच्या हाताखाली आले त्याच दिवशी त्यांनी सुनावलं, की शिकायचं असेल तर तोंडाला कुलूप लाव. लावलं बापडीनं.

खास रंग लावायचा असला की आमची एक रीत असते. पेशंटच्या काचेबरोबर रक्तवाहिनीचा तुकडा असलेली दुसरी काचही रंगवायची. रक्तवाहिनीत लवचीक तंतू असतातच. ते काळे दिसले म्हणजे रंग बरोबर बसला. हिला कंट्रोल म्हणतात. मामांनी कागदावर कंट्रोलपुढे टिक केली की आमच्या डॉक्टर मॅडम ती काच बघायच्याही नाहीत. डोळे झाकून विश्वास.

त्या आठवड्यात एका काकूंच्या पाठीतल्या गाठीचा तुकडा आला. वय साठ, पस्तीस वर्षं लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री. खांद्याच्या फऱ्याखाली मोसंब्याएवढी गाठ, हात पुढे केला की वर यायची. सर्जनना कॅन्सरचा संशय होता. तसं असेल तर गाठीसकट फऱ्याचं हाड काढायचं, आणि मग उजवा हात डोक्यापर्यंत पुन्हा कधी जाणार नव्हता. मॅडमना मात्र वेगळं वाटत होतं. एक दुर्मिळ, निरुपद्रवी गाठ असते, अशीच फऱ्याखाली येते. तिच्यात जाड, तुटके लवचीक तंतू असतात, पण साध्या रंगात ते नीट कळत नाहीत. म्हणून त्यांनी खास रंग मागितला.

या रंगात शेवटी जास्तीचा काळा धुऊन काढायचा असतो. कुठे थांबायचं ते घड्याळ सांगत नाही, डोळा सांगतो. नेमका तेव्हा मामांना त्यांच्या जावयाचा फोन आला. तो घर बदलत होता आणि कपाट उचलायला सासरेबुवांनी यावं, असं त्याचं म्हणणं. मामा फोन कानाला लावून वाद घालत राहिले, दुसऱ्या हाताने काचा द्रावात हलवत राहिले. मग टिक केली आणि ट्रे पाठवला. मॅडमना एकही काळा तंतू दिसला नाही. कॅन्सर नाकारता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. ऑपरेशनला सोमवारची तारीख मिळाली.

शुक्रवारी काचा कपाटात लावताना मी ती कंट्रोलची काच सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रक्तवाहिनीतही काळं काही नव्हतं. म्हणजे काकूंच्या काचेवरचा काळाही धुऊन गेला असणार.

मामांना दाखवली. त्यांनी बघितली, पुन्हा बघितली आणि तडक मॅडमच्या खोलीत गेले. मीही मागोमाग.

"मी जास्त धुतलं," ते म्हणाले. "टिक न बघताच केली."

मॅडमनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग म्हणाल्या, की बघायला हवं होतं ते त्यांनीही. मेणात जेमतेम दोन कापांपुरता तुकडा उरला होता. मामांनी स्वतः कापायला घेतलं नाही. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि काप म्हणाले. मी कापलं, मी रंगवलं, मी धुतलं. ते नुसते काचेकडे बघत उभे होते. "बस," म्हणाले, तशी मी थांबले. काळे, जाड तंतू, ओवलेल्या मण्यांसारखे. मॅडमनी लगेच सर्जनना फोन केला.

शनिवारी काकू मुलाबरोबर आल्या, डोक्याला रुमाल बांधून. गाठ साधी आहे, पसरत नाही, त्रास नसेल तर हात लावायचीही गरज नाही, हे मॅडमनी समजावलं. तुम्ही येऊ नका, असं त्यांनी मामांना सांगून ठेवलं होतं. मामा आलेच, आणि चूक कोणाची ते त्यांनी सांगून टाकलं. मुलाचा पारा चढला. तक्रार लिहायला त्याने टेबलावरचा कागद ओढला.

काकूंनी रुमाल सोडला. केस कानाच्याही वर कापलेले, वेडेवाकडे.

"कमरेपर्यंत होते," त्या मामांना म्हणाल्या. "वेणी घालायला हात वर जाणार नाही, म्हणून काल कापले."

मामा रडले. तीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं, आणि मलाही फार वाईट वाटलं.

काकूंनी मुलाच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाल्या, "ठेव तो कागद. केस वाढतात."