सिस्टरशी बोलणारा नवरा

कुलूपवाल्या काकूंचा नवरा अख्ख्या गल्लीची कुलपं उघडून द्यायचा, पण स्वतःच्या तोंडाची किल्ली म्हणे लग्नातच हरवून बसला होता. जेवण वाढलं की ‘हं’, पुरे का विचारलं तरी ‘हं’. स्वभावच तसा, अशी मनाची समजूत घालून काकूंनी तेवढ्यावर संसार रेटला.

म्हणूनच प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यावर सिस्टर कौतुकाने म्हणाली, की काका भारी गप्पिष्ट आहेत, तेव्हा काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. भूल फक्त कमरेखाली, त्यामुळे हा टक्क जागा. पहिलं कुलूप उघडताना बापाच्या हातचा मार कसा खाल्ला, ते सगळं त्या बाईला रंगवून सांगितलं होतं. काकूंना त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

सिस्टरने मग समजावलं. कापताना आत सतत पाणी सोडावं लागतं. त्यातलं थोडं कापलेल्या शिरांमधून रक्तात शिरतं आणि बहुतेकदा मूत्रपिंडं ते हळूहळू बाहेर टाकतात. फार शिरलं, तर मात्र रक्तातलं मीठ कमी पडतं, मेंदूला सूज येते, माणूस भलतंच बोलू लागतो. ते लगेच कळावं म्हणून त्याला बोलतं ठेवायचं. ‘आता तुम्ही लक्ष ठेवा, नेहमीसारखे बोलतायत ना.’

नेहमीसारखे! ते मेलं तुलाच जास्त माहीत, हे ओठावर आलेलं काकूंनी गिळलं.

दुपारी नवऱ्याने डोळे उघडले आणि त्यांचा हात धरला. “किती राबलीस गं माझ्यासाठी,” तो म्हणाला. लग्नाआधी तू जिन्यात दिसायचीस तेव्हा मी मुद्दाम हळू चढायचो, हेही सांगितलं. मग थांबेचना. काकूंनी खुर्ची जवळ ओढली. त्या सटवीने एवढं ऐकलं, मग मी घटकाभर ऐकू नये? त्या ऐकत राहिल्या, आणि ऐकता ऐकता सिस्टरचं बोलणं आठवलं. हा त्यांचा नवरा नव्हताच.

हात सोडवून घेताना जिवावर आलं. तरी त्या धावल्या.

“सिस्टर, लवकर चला. हे माझ्याशी गोड बोलतायत.”

सिस्टर हसली नाही. मिठाचं सलाईन लागलं, लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं. लघवीची पिशवी भरत गेली आणि अंगातलं पाणी उतरलं तसं नवऱ्याचं बोलणंही उतरलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही.

नवरा वाचला, काकूंना आनंद झालाच. पण दुपारी खुर्ची ओढून त्याच्यापाशी बसलेल्या त्या बाईचा, म्हणजे स्वतःचाच, त्यांना जेवढा हेवा वाटला, तेवढा सिस्टरचाही वाटला नव्हता.