तो पडदा आधी तिच्याकडे वळव

माझ्या सासूबाईंना सोनोग्राफी या शब्दाचीच चीड होती.

आणि मला नेमकी त्याच विषयात बॅचलर्सला ॲडमिशन हवी होती!

त्या, म्हणजे आई, नाशिकहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे इथे परदेशात, केलीव्हिलला आल्या आणि कोविडमुळे पावणेदोन वर्षं अडकल्या.

पहिल्या वर्षी युनिव्हर्सिटीचा ईमेल आला. 'अनफॉर्च्युनेटली'च्या पुढे मी वाचलंच नाही.

"बरं झालं," आई मेथी निवडत म्हणाल्या. "दुसरं काहीतरी शीक."

माझी सटकलीच. "अहो आई, बत्तीस वर्षांची झाले मी! क्लिनिकच्या रिसेप्शनवर अजून किती वर्षं 'नो वरीज' म्हणत बसू?"

त्यांनी जुडी बाजूला ठेवली.

"प्रशांतच्या दोघी बहिणी झाल्या, त्यानंतर मला परत दिवस गेले होते. नेलं मशीनखाली. डॉक्टर बाहेर जाऊन माझ्या सासूशी बोलला. माझ्याशी चकार शब्द नाही. तिसरीही मुलगीच होती, हे मला सगळं उरकल्यावर कळलं."

प्रशांतला, माझ्या नवऱ्याला, यातलं काहीच माहीत नव्हतं.

(हे लिहू का, असं मी नंतर त्यांना विचारलं होतं. "लिही की. लाज मला कशाला?")

दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, "भर परत फॉर्म. पण मशीनवर बसलीस की आधी त्या बाईशी बोलायचं. तो पडदा तिच्याकडे वळवायचा. कबूल?"

कबूल.

दुसऱ्या वर्षी झूमवर इंटरव्ह्यू. आईंनी शिट्टी नको म्हणून कुकरच लावला नाही.

सोनोग्राफीच का, असं विचारलं. आदल्या वर्षी मी टेक्नॉलॉजीची आवड वगैरे ठोकून दिलं होतं. या वेळी सांगितलं, माझ्या सासूबाईंना कोणी स्क्रीन दाखवली नव्हती. मला ती दाखवायची आहे.

एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, ईमेल आला. आई माझ्या खांद्यावरून डोकावल्या.

"बघ, ते अनफॉर्च्युनेटली आहे का त्यात?"

"नाहीये, आई!"

"मग रडतेस काय? साखर आण."

फ्लाइट्स सुरू झाल्यावर त्या नाशिकला परतल्या. तिथेच त्या गेल्या. आज त्यांचं वर्षश्राद्ध.

आजच माझा प्लेसमेंटचा, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रॅक्टिकलचा, पहिला दिवस होता. सुट्टी घेतली नाही. घेतली असती तर त्यांनी मला सोडलं नसतं.

पहिली पेशंट एकोणीस आठवड्यांची गरोदर. एकटीच आली होती, घाबरलेली.

सुपरवायझरला विचारलं. आधी तिच्याशी बोलले, मग स्क्रीन तिच्याकडे केली.

ती बघतच राहिली.

आई, वळवला हो पडदा.

नमस्कार करते.