इफ्तारच्या ताटातली आयरिश बिस्किटं

त्या वर्षी रमझान आणि नाताळ एकाच महिन्यात आले. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक आयरिश इंजिनियर बसायचा. त्याच्या बायकोने नाताळच्या बिस्किटांची कृती मला लिहून दिली. त्यात दोन चमचे व्हिस्की होती. आमच्या घरात ती चालणार नाही म्हटल्यावर तिने गावाहून आणलेली व्हॅनिलाची छोटी बाटली माझ्या हातात ठेवली. "मग हे घाल."

शुक्रवारी दुपारी मी कामाला लागलो. मी ओट्यापाशी गेलो की बायको बाहेर जाते. मी मैदा ग्रॅमवर मोजतो, ते तिला बघवत नाही. आकार आयरिश तीन पानांचा हवा होता. साचा नव्हता, म्हणून औषधाच्या बाटलीच्या झाकणाने चकत्या पाडल्या, तीन तीन चिकटवल्या, खाली देठ लावला, वर हिरवी साखर भुरभुरली. मुलीने ट्रे पाहिला आणि पत्ते का भाजताय म्हणून इंग्रजीत विचारलं. बरोबर होतं तिचं. अठ्ठेचाळीस बिस्किटं, सगळे किलवर.

बायकोने त्यातली बारा ताटलीत घालून खालच्या मजल्यावर इफ्तारसाठी पाठवली. खाली रत्नागिरीचं कुटुंब. भाई इंडस्ट्रियल एरियात स्पेअर पार्टच्या दुकानात होते. आखातातल्या फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडेही गेले तरी ते 'यात काय आहे' विचारूनच हात लावत. आमच्याकडे आठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. याचा मला पगारवाढीपेक्षा जास्त अभिमान होता.

बाटली कपाटात ठेवताना मी लेबल वाचलं. मी सगळीच लेबलं वाचतो. हे घालण्याआधी वाचायला हवं होतं. अल्कोहोल पस्तीस टक्के.

मी कागद घेतला. "एका बिस्किटात दोन थेंबसुद्धा येत नाहीत," मी बायकोला सांगितलं, "आणि ओव्हनमध्ये त्यातलं बरंचसं उडालं असणार."

"अहो, हा आकडा त्यांना रोजा सोडायच्या आधी सांगणार की नंतर?"

मगरिबच्या अजानला, म्हणजे रोजा सुटायला, सात मिनिटं होती. लिफ्ट वर अडकलेली. मी जिन्याने धावलो.

भाईंनीच दार उघडलं. "काय झालं भाऊ? वहिनींचा एप्रन घालून कुठं निघालात?"

"भाई, त्या बिस्किटांत दारू आहे."

आत ताटं मांडलेली होती. भाभींच्या हातातला खजुराचा वाडगा तसाच राहिला. मी घाईघाईने पस्तीस टक्के, दहा मिलिलिटर, अठ्ठेचाळीसने भागून असं सुरू केलं.

"थांबा," भाई म्हणाले. "जाणूनबुजून घातलीत?"

"नाही हो!"

"मग टक्के कशाला सांगता? खलास." त्यांनी ताटली उचलून मला दिली.

मी मोजली. "दहा आहेत. बारा पाठवली होती."

सगळ्यांनी पाच वर्षांच्या धाकटीकडे पाहिलं. तिच्या ओठांना हिरवी साखर होती.

"हिला रोजा नाही," भाई म्हणाले. "पण झिंगली तर रात्रभर तुमच्याकडे पाठवीन." भाभी तोंडावर पदर धरून हसल्या. तेवढ्यात अजान झाली. मला परत जाऊ दिलं नाही. एप्रनसकट बसवलं.

तरी मला धाकधूक होती. माझी लाज राखायला बोलले असतील, पुढच्या वेळी विचारतील. विचारलं असतं तर चूक त्यांची नसती.

पुढच्या शुक्रवारी मी तीच बिस्किटं वेलदोडा घालून केली आणि स्वतः घेऊन गेलो. सोबत मैदा, लोणी, साखर, सगळ्यांची वेष्टनं, लेबल वर येईल अशी लावून. भाईंनी तो गठ्ठा न बघता चपलांच्या कपाटावर ठेवला. अजान झाली, खजूर झाला, पाणी झालं. मग एक किलवर त्यांनी अख्खा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण भाऊ, धाकटी म्हणते, आधीची बरी होती."