पाठमोऱ्या बाईच्या हातात काय आहे?

विमानतळाच्या आगमन दालनात, बाहेर पडायच्या दाराला लागून चौकशीची खिडकी आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीताई म्हणतात. लोक त्यांना टॅक्सी कुठे मिळते ते विचारतात, नाहीतर स्वच्छतागृह. समोरच्या भिंतीपाशी कुणा शिल्पकाराने भाजलेल्या मातीच्या माणसाएवढ्या बायका उभ्या केल्या आहेत, छतातून तांब्याचे मासे लोंबतात, खांबांवर रंगीत काचांचं अख्खं जंगल आहे. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढेल तर शपथ. बायकांच्या पायाशी बॅगा टेकवून लोक फोनवर भांडतात.

म्हणून ताईंनी त्या शिल्पांवर शोधाशोधीचा खेळ मांडला, तेव्हा हाताखालच्या पोरींना वाटलं, बाईंना उतारवयात कलेचं वेड लागलं. कसलं वेड आणि कसली कला! बाईला मुलगा शोधायचा होता.

हा खेळ जगभर चालतो. एकाने कुठेतरी डबी लपवायची, तिची जागा फोनवरच्या नकाशात टाकायची आणि दुसऱ्यांनी ती हुडकून ‘सापडली’ अशी खूण करायची. ताईंना तो शिकवला मुलानेच. सुट्टी आली की मायलेक बागांमधल्या बाकांखाली हात घालत हिंडायचे आणि माळ्याच्या शिव्या खायचे. खेळात मुलाने स्वतःचं नाव ठेवलं होतं उनाडटप्पू. वडील त्याला येताजाता तेच म्हणायचे.

मग त्याने कुणाला न विचारता नोकरी सोडली. शब्दाने शब्द वाढला आणि वडील म्हणाले, चालता हो. ताई तेव्हा भांडी विसळत होत्या. त्यांनी नळसुद्धा बंद केला नाही. मुलाने दारातून आईकडे पाहिलं, ती काही बोलतेय का याची वाट पाहिली आणि निघून गेला. पुढे वडील गेले. मुलाचा फोन तोवर कायमचा बंद झाला होता, पत्ता कुणाकडेच नव्हता.

उनाडटप्पूच्या खुणा मात्र येत राहिल्या. कधी एखाद्या बंदरावर, कधी डोंगरात, आणि बरेचदा विमानतळांवर. कामासाठी फिरत असावा. सकाळी डोळे उघडले की ताई आधी त्या बघायच्या. नवी खूण दिसली की पोर हिंडतंफिरतं आहे एवढं कळायचं आणि दिवस निभायचा.

इतक्या विमानतळांवर जातो, तर आपल्याही विमानतळावर यावा, एवढाच त्यांचा हिशेब. डबी लपवायची सोय नव्हती. बेवारस डबी दिसली तर कुत्री घेऊन पथक येईल आणि तुम्हालाच आत टाकतील, असं दारावरच्या रक्षकाने बजावलं. मग डबीऐवजी प्रश्न आले. शिल्पाजवळ जायचं, नीट बघायचं, उत्तर पाठवायचं. स्वतःचं नाव ताईंनी लपवलं. आईने मांडलाय म्हटल्यावर तो फिरकलाच नसता. शेवटचा प्रश्न मुद्दाम खिडकीसमोरच्या मातीच्या बायकांचा ठेवला: सगळ्या दाराकडे बघतात, एकच पाठमोरी आहे, तिने पाठीमागे धरलेल्या हातात काय आहे? तिथे तो घटकाभर तरी थांबणारच, आणि तेवढ्यात डोळे भरून बघता येईल.

आणि इथेच त्यांच्यातल्या आईने घात केला. दोन विमानांच्या मधे घाईत असेल पोर, पोटात काही नसेल, कुठे शोधत बसेल? म्हणून त्यांनी प्रत्येक प्रश्नाशेजारी शिल्पाचा झकास मोठा फोटो चिकटवला.

खेळ सुरू झाला. पाठीला पिशवी लावलेला कुणीही त्या बायकांपाशी थबकला की ताईंची नजर तिकडे धावायची आणि समोरच्या प्रवाशाला भलतंच दार दाखवलं जायचं. तक्रारी झाल्या, साहेबांनी बोलावून समज दिली. मग एका दुपारी खूण आली. उनाडटप्पू. ‘किल्ल्यांचा जुडगा. या बायका फार आवडल्या.’

ताईंना धड रडताही येईना. आजच आला होता, समोर उभा होता, आणि आपण मान खाली घालून कुणाच्या तरी हरवलेल्या पासपोर्टची तक्रार लिहून घेत बसलो असू. ओळखलं कसं नाही? दाढी ठेवली असेल का? त्यांनी रक्षकाला हाक मारून फोन दाखवला. त्याने वाचलं आणि भिंतीकडे पाहिलं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “बायका तर झाकल्यात ना?”

छतातून पाणी गळून माती भिजली होती, म्हणून आठवडाभरापासून ती सगळी भिंत प्लायवूडने बंद केलेली होती. शिल्प कुठे गेलं म्हणून एखाद्याने विचारलंच, तर ताई स्वतःच सांगत होत्या, दुरुस्ती चालू आहे. त्या क्षणी हे त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

न येता उत्तर देणाऱ्यांच्या खुणा ताई खडसावून काढून टाकत. या वेळी त्यांनी खेळातूनच विचारलं, आपण प्रत्यक्ष आला होता का? उत्तर लगेच आलं: ‘नाही. फोटो बघून लिहिलं, चुकलंच. त्या शहरात मी येत नाही, तिथे माझं कुणी नाही. खूण काढलीत तरी चालेल.’

ताईंनी ‘मी आई आहे’ असं लिहिलं. पाठवायला गेल्या आणि अंगठा जागीच राहिला. हे वाचून तो कदाचित येईल. कदाचित उनाडटप्पू हे नावच टाकून देईल, आणि मग तो आहे की नाही एवढंही कधी कळायचं नाही. अक्षरं त्यांनी खोडली. लिहिलं, ‘हरकत नाही, राहू द्या.’ पोटच्या पोराला अहो-जाहो करून त्यांनी ते पाठवलं.

‘आभारी आहे,’ त्याने कळवलं. ‘इतकं समजून घेणारं माणूस क्वचितच भेटतं.’

ताईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.