सात मशिनं आणि टेबलाखालची म्हातारी

किल्लीकाकांना खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीपुरतं. जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले देणाऱ्या त्या कार्यालयात मशीनच्या खोलीची एकुलती एक किल्ली बावीस वर्षं त्यांच्या गळ्यातल्या काळ्या दोरीला लटकत होती. आंघोळीलासुद्धा ती निघत नसे. "काका, अजून एक किल्ली करून ठेवूया का?" असं कुणी म्हटलं, की काका त्याच्याकडे असे बघत, जणू त्याने त्यांचं मूत्रपिंड मागितलंय.

आतलं जुनं मशीन, म्हणजे सगळे दाखले सांभाळणारा मोठा संगणक, महिन्यातून दोनतीनदा रुसायचं. खिडकीशी रांग खोळंबली, की साहेबांपासून शिपायापर्यंत एकच ओरडा व्हायचा, "काकांना बोलवा!" काका यायचे, दार उघडायचे, आत जाऊन दार लावून घ्यायचे. आत काय करायचे? मशीन बंद करून परत चालू करायचे, दुसरं काय डोंबल! पण त्याला ते वीस मिनिटं लावत आणि घाम पुसत बाहेर येत. साहेब म्हणत, "तुम्ही नसता तर काय झालं असतं हो!" काका नुसते हसत. तेवढ्यावर त्यांचा पुढचा आठवडा मजेत जायचा.

ह्या मोठेपणाची झळ लागायची ती काकूंना. मुलीच्या लग्नात जेवणाची पानं मांडलेली असताना फोन आला आणि वधूपिता जो निघाला, तो परत आला तेव्हा फोटोवाला आपलं सामान आवरत होता. तीनशे फोटोंच्या अल्बममध्ये काका एकाही फोटोत नाहीत. काकूंनी तो अल्बम कपाटात खाली दडपून ठेवला होता. पाहुण्यांना दाखवला, की कुणीतरी हळू आवाजात विचारायचंच, "हिचे वडील कधी वारले?"

आता तीच मुलगी बाळंत व्हायची होती, दूरच्या शहरात. काकूंनी एके दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं, "अहो, ह्या वेळी आठ दिवस माझ्याबरोबर तिकडे राहायचं. मधूनच उठून पळालात ना, तर एकटेच पळा. मी तिकडेच राहीन." काकूंनी उभ्या संसारात धमकी दिली नव्हती. काका चरकले आणि शब्द देऊन बसले.

नेमकी त्याच सुमाराला कार्यालयात नवी यंत्रणा आली. तिच्याबरोबर सल्लागारबाई आल्या: वय तिशीच्या आतलं, बोलणं मोजकं, हातात एक्केचाळीस मुद्द्यांची यादी. त्यांनी काकांना समजावलं, "प्रत्येक काम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एकेका डब्यात भरायचं. त्या डब्याला म्हणायचं कंटेनर. मशिनं सात. कुठला डबा कुठल्या मशीनवर चालवायचा, हे बघायला एक मुकादम प्रोग्राम. एखादं मशीन मेलं, तर मुकादम तिथले डबे उचलून दुसऱ्या मशीनवर चालू करणार. कुणाला बोलवायला नको."

"कुणालाच नको?" काकांनी विचारलं.

"कुणालाच नको," बाई म्हणाल्या.

काकांना आधी आठ दिवसांची रजा दिसली आणि जीव भांड्यात पडला. मग त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

खरं तर अशी मशिनं भाड्यानेही मिळतात, दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेली. पण मोठे साहेब ऐकतात कुठले! "भाड्याची घेतली तर फीत कुठे बांधायची?" त्यांनी रोखठोक विचारलं. मग सात कोरी मशिनं खोक्यांतून आली. साहेबांनी सातही मशिनं कपाटात एका ओळीत लावायला सांगितली, फोटोत सगळी यावीत म्हणून. सल्लागारबाईंनी शांतपणे तीन इकडे, चार तिकडे लावली आणि दोन्हीकडची वीज वेगळ्या फ्यूजवर घेतली. साहेबांनी पुढे तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. बाईंची कामं त्या तीन दिवसांत झपाझप उरकली.

काका मात्र जिवापाड राबले. वायरींना एकेक करून चिठ्ठ्या चिकटवल्या, प्रत्येक मशीनवर कोऱ्या पाटीपासून सगळं चढवलं. पहिल्याच दिवशी मशिनं एकमेकांची ओळखपत्रं नाकारायला लागली. शोधता शोधता कळलं, एका मशीनचं घड्याळ सतरा मिनिटं मागे होतं. "हे आपल्याच कार्यालयाचं दिसतंय," काका म्हणाले आणि बाई पहिल्यांदा हसल्या. तीन मशिनं प्रमुख होती, आणि तिघांपैकी दोघांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरत नव्हतं. ते एकमत डोळ्याची पापणी लवायच्या आत होई. ह्याच कार्यालयातल्या पाच जणांच्या खरेदी समितीचं पंख्याच्या रंगावर दोन वर्षं एकमत झालं नव्हतं, हे काकांना आठवल्यावाचून राहिलं नाही.

राहिला होता यादीतला अडतिसावा मुद्दा. काकांच्या टेबलाखाली एक जुनाट संगणक होता. त्याला ते म्हातारी म्हणत. कुठल्या मशीनचा पत्ता काय, हे म्हातारीला पाठ. डब्यांनी एकमेकांना शोधायचं, तर आधी म्हातारीला विचारायचं. बाईंनी बजावून ठेवलं होतं, "काका, ही पत्त्यांची वही म्हातारीकडून काढून सातांपैकी दोघांकडे द्या. नाहीतर ती बंद पडली, की सगळंच बसेल."

"आजच करतो की," काका म्हणाले. आणि करणारही होते, देवाशपथ! पण त्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं.

फीत कापून झाली. मग साहेबांनी सगळ्यांदेखत एका मशीनची वायर ओढली. पडद्यावर त्याचे डबे दोन मिनिटांत दुसऱ्या मशिनांवर जाऊन बसले आणि खिडकीवर एका बाळाचा जन्मदाखला न अडखळता छापून आला. साहेबांनी तो उंच धरला. "आजपासून," ते गरजले, "ह्या कार्यालयात कुणावाचून काही म्हणजे काही अडणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनीही वाजवल्या, पण त्यांचा चेहरा उतरला. दुपारी त्यांनी रजेचा अर्ज ठेवला. एरवी "तुमच्याशिवाय कसं होणार?" म्हणून तो परत करणाऱ्या साहेबांनी मान वर न करता सही केली. "आठच दिवस? महिनाभर जा की!"

काका जागेवर येऊन बसले. पायाला म्हातारीची ऊब लागत होती. समोर यादी होती. त्यांनी अडतिसाव्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली, यादी सल्लागारबाईंकडे दिली आणि काम मात्र केलं नाही. घरी गेल्यावर जेवताना काकूंना तेवढं म्हणाले, "सात मशिनं आणू देत नाहीतर सत्तर. सगळी अजून माझ्या टेबलाखालच्या म्हातारीच्या जिवावर चालतात." काकूंनी वाढता वाढता मान हलवली. त्या अशा गोष्टी विसरत नसत.

लेकीकडे पहिला दिवस गेला, फोन नाही. दुसरा गेला, फोन नाही. काका फोन उलटसुलट करून बघत, रेंज आहे की नाही ते तपासत. तिसऱ्या दिवशी न राहवून त्यांनीच फोन लावला. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "सगळं झकास चाललंय, काका. तुम्ही आराम करा." काकांनी त्या दिवशी लेकीच्या घरातले सगळे नळ उगाचच खोलून परत बसवले.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीला दवाखान्यात नेलं. जावई औषधं आणायला धावला, काका-काकू बाकावर बसले आणि फोन वाजला. कारकून नुसता ओरडत होता, "काका, सगळं ठप्प! पडद्यावर सातही मशीनचे दिवे हिरवे आहेत, पण दाखला निघत नाही! रांग पार रस्त्यावर गेलीय! साहेबांनी काल खिडकी बंद झाल्यावर तुमचं टेबल हलवून तिथे पाहुण्यांसाठी सोफा टाकला, तोवर तर सगळं ठीक होतं. आज सकाळपासूनच..."

काकांना पुढचं ऐकायची गरजच नव्हती. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. उलट पाठीचा कणा ताठ झाला, डोळ्यांत चमक आली आणि ते म्हणाले, "हे फोनवर नाही व्हायचं. मलाच यावं लागेल."

कारकुनाचा ओरडा शेजारी काकूंनाही ऐकू आला होता, आणि त्या काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. लग्नात पानावरून उठताना हाच चेहरा होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, बिचारे काळजीत आहेत. आज त्यांना नीट दिसलं, की माणूस खुशीत आहे.

"टेबलाखालची म्हातारी काढली ना त्यांनी?" काकूंनी विचारलं.

काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "ऐका हो, ह्यांच्या टेबलाखाली जुना संगणक होता. तो कुठे टाकलाय? जिन्याखाली? तो आणा, होता तिथे ठेवा, होत्या तशा वायरी लावा आणि बटण दाबा. मी थांबते." त्या खरंच थांबल्या. सात मिनिटांनी पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "निघाला, काकू, दाखला निघाला! काकांना सांगा, आता यायची गरज नाही!"

"सांगते," काकू म्हणाल्या आणि फोन बंद करून आपल्या पिशवीत टाकला. काका फरशीकडे बघत बसले. बावीस वर्षांत जेवढी लाज वाटायला हवी होती, तेवढी सगळी त्यांना त्या बाकावर वाटली.

इतक्यात नर्स आली. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. एकालाच आत सोडते, कोण येतंय?"

काका आपोआप बाजूला सरकले, काकूंना वाट द्यायला.

"ह्यांना सोडा," काकू म्हणाल्या. "आमच्या लेकीच्या लग्नाच्या एकाही फोटोत हे नाहीत."

काका उठले. काकूंनी त्यांच्यापुढे हात पसरला.

"आणि ती किल्ली इथे काढून ठेवा. बाळाला टोचेल."